दोन नंबरचा एक्झॉस्ट: रॉकर सरकला होता की व्हॉल्व्ह?

पार्श्वभूमी

पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. तीन सिलिंडरचं, पुशरॉडवर (कॅमची हालचाल वर पोचवणाऱ्या काठ्यांवर) चालणारं डिझेल इंजिन, व्हॉल्व्ह उभे, प्रत्येक सिलिंडरला दोन. हेड गास्केट गेल्यामुळे उन्हाळ्यात हेड उतरवलं गेलं. काम गावाकडच्या गॅरेजने केलं आणि हेड पुण्याच्या एका मशीन शॉपमधून फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू सपाट करून, आणलं. तिथे हेडचा ०.२५ मिमी थर काढला, तिन्ही एक्झॉस्ट गाइड (व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, ज्यात वरखाली सरकते त्या नळ्या) बदलले, दोन एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या कड्या) नव्या बसवल्या, सहाही व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे सीटवर घासून बसवले. रॉकेल भरून गळती तपासली, कुठे थेंब नाही. हेड बसलं, ट्रॅक्टर सुरू झाला, रोटाव्हेटरला लागला.

पुढचं समजायला या इंजिनातली रॉकरची, म्हणजे एका टोकाला पुशरॉडने उचलल्यावर दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची, मांडणी डोळ्यांसमोर हवी. एक पोकळ शाफ्ट, त्याला चार स्टँड. दोन स्टँडच्या मधल्या जागेत एका सिलिंडरचे दोन रॉकर आणि त्या दोघांमध्ये एक स्प्रिंग. स्प्रिंग दोन्ही रॉकरना बाहेरच्या बाजूला ढकलते, त्यामुळे प्रत्येक रॉकर आपापल्या स्टँडला टेकून राहतो. रॉकर आणि स्टँड यांच्यामध्ये १.५ मिमी जाडीचं कडक वॉशर असतं. म्हणजे रॉकर शाफ्टवर नेमका कुठे उभा राहणार हे रॉकर ठरवत नाही. ते स्टँडची जागा आणि वॉशरची जाडी ठरवतात. आणि व्हॉल्व्हचं टोक कुठे येणार हे गाइड ठरवतो. ही दोन स्वतंत्र घराणी आहेत. ती एका रेषेत भेटतील अशी व्यवस्था कारखान्यात केलेली असते, दुरुस्तीत ती मोडायला एक वॉशर पुरतं.

यूट्यूबवर रॉकर जुळवण्याचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकसारख्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांचे असतात. तिथे प्रत्येक रॉकर वेगळ्या स्टडवर डुलतो. त्याला सरळ ठेवण्याचं काम पुशरॉडच्या खाचांची गाइड प्लेट करते, नाहीतर रॉकरच्याच टोकाला असलेल्या दोन कडा करतात. प्लेट ढिली करून इकडेतिकडे सरकवायची तो उपाय तिथला. शाफ्टवरच्या रॉकरला असली प्लेटच नसते. व्हिडिओ पाहून ट्रॅक्टरच्या इंजिनात ती शोधणारेही भेटतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

तक्रार

साधारण ६० तास चालल्यावर टकटक सुरू झाली. गावाकडच्या मिस्त्रीने टॅपेट सेट केले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप जुळवला. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा आवाज. पुन्हा सेट, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदाही तेच. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना निळा धूरही येऊ लागला. जून तोंडावर आला तेव्हा ट्रॅक्टर दिवे घाट उतरून फुरसुंगीच्या एका गॅरेजमध्ये आला. हे गॅरेज मुख्यतः डिझेल इंजिनांचंच काम करतं.

मालकाची मागणी साधी होती: "मिस्त्री, पेरणी तेवढी निघू द्या. मग काय खोलायचं ते खोला."

आवाज दोन नंबरच्या सिलिंडरवरचा, हे लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून लगेच कळलं. गंमत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांची, होती. मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनाला गॅप ०.३० मिमी. दोन नंबरच्या एक्झॉस्टला ०.३० ची पाती अगदी हवी तशी घासत जात होती. गेज म्हणतो बरोबर, कान म्हणतो चूक.

अशा वेळी कानावर विश्वास ठेवावा. रॉकरचं नाक (व्हॉल्व्हवर टेकणारं टोक) झिजून त्यात पायरी पडली असेल तर फिलरची सपाट पाती ती पायरी ओलांडून जाते. पाती व्हॉल्व्हच्या टोकावर टेकलेली असते, वरून मात्र नाकाच्या न झिजलेल्या कडेला लागते. हाताला घट्ट वाटतं, प्रत्यक्षात झिजलेल्या भागात फट मोठीच असते. इथे तेच होतं. डायल गेजचा काटा रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर लावून रॉकर हाताने हलवला, तर काटा ०.४१ ते ०.४२ दाखवत होता. मिस्त्रीने तीनदा टॅपेट सेट केले त्यात त्याचा हात चुकला नव्हता, साधन फसवत होतं.

काय दिसलं

रॉकर शाफ्ट उतरवला. उतरवण्याआधी प्रत्येक भागाचा क्रम फोटोत घेतला आणि वॉशर, रॉकर, स्प्रिंग, स्टँड त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवले. पहिल्या खोलण्यात हे झालं नव्हतं, त्याचा परिणाम पुढे येतो.

दोन नंबरच्या एक्झॉस्ट रॉकरचं नाक ९ मिमी रुंद. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या बाजूला जवळजवळ २ मिमीची पट्टी कोरी, बाकी भाग ०.१२ मिमी खोल झिजलेला. व्हॉल्व्हच्या टोकाची कड चेचून बाहेर आली होती. स्टेम साडेनऊ मिमीचा, कडेची चँफर (उतरती कड) सोडली तर टोकाची सपाट जागा साडेआठ. नाकाचा मध्य आणि टोकाचा मध्य यांच्यात व्हर्नियरने १.७ मिमीचं अंतर निघालं, रॉकर फ्लायव्हीलकडे. बाकीच्या पाच ठिकाणी हेच अंतर अर्ध्या मिमीच्या आत होतं.

थोडंसं अंतर म्हणजे दोषच, असं नाही. काही इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू फिरत राहावा म्हणून कंपनीच संपर्क मध्यापासून किंचित बाजूला ठेवते. म्हणून एकट्या व्हॉल्व्हकडे पाहून निकाल देऊ नये, शेजाऱ्यांशी तुलना करावी. सहाच्या सहा संपर्काच्या खुणा एकाच बाजूला सरकलेल्या असतील तर स्टँड किंवा अख्खा शाफ्ट हललाय. एकाच सिलिंडरच्या दोन्ही खुणा बिघडल्या असतील तर मधली स्प्रिंग, वॉशर किंवा उलटसुलट बसवलेले रॉकर. इथे सहातला एकच बिघडलेला होता. म्हणजे संशय तीन जागी: तो रॉकर, त्याचं वॉशर, तो गाइड.

पहिला निर्णय: थांबायचं की पुढे जायचं

सगळ्यात स्वस्त उपाय दोन मिनिटांचा होता. रॉकरमागे जाड वॉशर घालायचं, नाक मधोमध आणायचं, डायल गेजने गॅप सेट करायचा, कव्हर बंद. पेरणी निघून गेली असती. मालकालाही तेच हवं होतं.

गॅरेजने तसं केलं नाही, पण लगेच हेडही उतरवलं नाही. आधी दोन चाचण्या केल्या, दोन्ही फुकटातल्या.

पहिली, अदलाबदल. एक नंबरचा एक्झॉस्ट रॉकर आणि दोन नंबरचा एक्झॉस्ट रॉकर एकाच बनावटीचे. ते आपसांत बदलून शाफ्ट पुन्हा बसवला. व्हॉल्व्हची टोकं थिनरने पुसून काळ्या परमनंट मार्करने रंगवली, टॅपेट सेट केले, इंजेक्टर काढून ठेवले म्हणजे कॉम्प्रेशन आड येत नाही, आणि क्रँक हाताने आठ फेरे फिरवला. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे प्रत्येक टोकावर चार घासे. रॉकर बदलूनही खूण होती तिथेच पडली. रॉकर वाकडा नव्हता. रॉकर शाफ्टवर ज्यावर फिरतो त्या बुशचा ढिलेपणाही ०.०६ मिमी, चालण्यासारखा. बुश खूप झिजलेलं असतं तर रॉकर कलंडून अशीच एका कडेला खूण पडली असती, म्हणून ते मोजणं गरजेचं होतं.

दुसरी, वॉशर मोजणं. पाच वॉशर १.५ मिमीचे निघाले. सहावं, म्हणजे दोन नंबरच्या एक्झॉस्टचं, ०.८ मिमीचं. कुठल्या तरी दुसऱ्या इंजिनातलं, साधं, एका बाजूला पंचाची कड असलेलं. मूळचं पहिल्या खोलण्यात हरवलं असावं. पातळ वॉशर म्हणजे रॉकर ०.७ मिमी स्टँडकडे सरकला.

इथे बऱ्याच ठिकाणी शोध संपला असता. कारण सापडलं, वॉशर आणा, बसवा. पण हिशोब जुळत नव्हता. १.७ मधले ०.७ वॉशरने खाल्ले, मग उरलेला एक मिमी कुणी खाल्ला? रॉकर निर्दोष, स्टँड जागेवर. उरला व्हॉल्व्ह.

गाइडचा तिरकेपणा कसा पकडला

हेड इंजिनावर असतानाच व्हर्नियरने एक माप घेता येतं. एकाच सिलिंडरच्या इनलेट आणि एक्झॉस्ट स्टेमच्या बाहेरच्या बाजूंमधलं अंतर मोजायचं, त्यातून एका स्टेमची जाडी वजा करायची, की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर निघतं. एक आणि तीन नंबरला टोकापाशी हे ४२ मिमीच्या आसपास आलं. दोन नंबरला ४१. एक्झॉस्टचं टोक रेडिएटरकडे, इनलेटच्या दिशेने एक मिमी झुकलेलं होतं. हरवलेला मिलिमीटर सापडला.

आता हेड उतरवणं आलंच. मालकाला तारेत ओवलेली वॉशर आणि व्हर्नियरचं माप दोन्ही दाखवून विचारलं, तेव्हा तो तयार झाला. नुसतं "हेड काढावं लागेल, अण्णा" म्हटलं असतं तर तो ट्रॅक्टर घेऊन परत गेला असता, आणि त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. एका उन्हाळ्यात दुसऱ्यांदा हेड उतरत होतं.

टेबलावर दोन गोष्टी आणखी पक्क्या झाल्या. स्प्रिंग काढून तेच अंतर गाइडच्या वरच्या तोंडाशी मोजलं, तर फरक ०.६ मिमीच्या आसपास. टोकाशी एक, खाली कमी. म्हणजे गाइड बाजूला सरकलेला नाही, तिरका आहे. गाइड नुसता सरकला असता तर फरक वरपासून खालपर्यंत सारखा राहिला असता. मग हेड उलटं करून व्हॉल्व्हच्या तळाची हेडच्या पातळीपासूनची खोली डेप्थ गेजने दोन जागी मोजली. रेडिएटरकडे ०.९ मिमी, फ्लायव्हीलकडे १.२. बाकी पाच व्हॉल्व्हना दोन्हीकडे जवळजवळ सारखी.

हिशोब पाहा. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा सीटपासून टोकापर्यंतच्या ११५ मिमी लांबीवर साधारण १ मिमी होतो आणि ३८ मिमी व्यासाच्या तळावर साधारण ०.३३ मिमी. तीन वेगवेगळ्या मापांनी एकच अर्धा अंश सांगितला. गॅरेजमध्ये महागडं यंत्र नव्हतं, व्हर्नियर आणि डेप्थ गेज एवढंच होतं.

मग मशीन शॉपच्या गळती चाचणीत हे का निघालं नाही? कारण सीट कापताना कटरचा पायलट (मधली आधाराची दांडी) गाइडमध्येच बसतो. गाइड तिरका असेल तर सीटही तेवढीच तिरकी कापली जाते, दोघांचं आपसांत उत्तम जुळतं आणि व्हॉल्व्ह छान बसतो. रॉकेल गळत नाही. ती चाचणी व्हॉल्व्ह आणि सीटचं नातं तपासते, व्हॉल्व्ह आणि रॉकरचं नाही. गळती नाही म्हणून हेड बरोबर, ही समजूत इथे महागात पडली.

तिरकेपणा आला कुठून, तेही गाइड काढल्यावर दिसलं. जुना गाइड कार्बनसकट थंड हेडमधून ठोकून काढताना भोकाला ओरखडे पडले होते. मग हातातल्या ड्रिलला रीमर लावून भोक वाढवलं आणि अर्धा मिमी जाड गाइड बसवला. रीमर ओरखड्याच्या मागे गेला. हाताने चालवलेला रीमर जुन्या भोकाचाच माग धरतो. भोकच बिघडलेलं असेल तर तो बिघाड पुढे नेतो.

पर्याय

टॅपेट सेट करून पेरणी काढणं, हा पर्याय हेड उतरेपर्यंत तरी खुला होता. त्याच्याविरुद्ध मुख्य मुद्दा आवाजाचा नव्हता, गाइडचा होता. ६० तासांत नव्या गाइडचा ढिलेपणा ०.१८ मिमी झाला होता, तोही वर एका बाजूला आणि खाली विरुद्ध बाजूला. निळा धूर तिथूनच येत होता. पेरणीचं काम पूर्ण लोडवर, तासन्‌तास. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीट आणि गाइडमधूनच बाहेर टाकतो. गाइड ढिला झाला की तो मार्ग अरुंद होतो.

जाड वॉशरचा पर्याय जास्त मोहात पाडणारा होता, कारण त्याने खूण खरोखरच मधोमध येते. २.५ मिमीचं वॉशर घातलं की नाक टोकाच्या मध्यावर. टेबलावर करूनही पाहिलं: नवा व्हॉल्व्ह, हलकी स्प्रिंग, नवा रॉकर, मार्कर, आणि रॉकर हाताने दाबला. खूण मध्यावर पडली, पण फ्लायव्हीलकडच्या कडेला गडद आणि रेडिएटरकडे जवळजवळ नाहीच. व्हॉल्व्ह तिरका म्हणजे त्याचं टोकही तिरकं. साडेआठ मिमीच्या रुंदीवर अर्धा अंश म्हणजे ०.०७ मिमीची पाचर. नाक एका कडेवरच टेकणार. वॉशर रॉकरला बाजूला नेतं, टोकाला सपाट करत नाही. खूण कुठे पडली यापेक्षा ती रुंदीभर सारखी पडली का, हे जास्त सांगतं. हा फरक मार्करच्या शाईत दिसतो, व्हर्नियरवर नाही.

रॉकरची बाजू घासणं किंवा तो वाकवणं, हेही कुणीतरी सुचवलं. तो विचार तिथेच सोडला. इथे रॉकर निर्दोष होता, आणि निर्दोष रॉकर बिघडवून तिरक्या व्हॉल्व्हशी जुळवला की दोन वाकडे भाग मिळतात.

नवं हेड घेणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग. पण दोष एका भोकाचा, आणि नव्या हेडचा खर्च दुरुस्तीच्या कितीतरी पट. भोक खरं होत नसेल किंवा पाण्याच्या जागेची भिंत पातळ निघाली तर तिकडे वळायचं, असं ठरलं. हेड भोसरीच्या दुसऱ्या मशीन शॉपला गेलं.

काम

भोक हेडच्या खालच्या फेसला काटकोनात आणि शेजारच्या चांगल्या गाइडचा आधार धरून मशीनवर बोअर केलं. गाइडचं भोक ६० मिमी लांब, त्यावर तिरकेपणा अर्धा मिमी, त्यामुळे ते सगळं साफ व्हायला व्यास मूळ मापापेक्षा दीड मिमीने वाढला. बाजारातला जाड गाइड तेवढा मिळत नाही. मग दोन मार्ग होते: भोकात बाही ठोकून त्यात मूळ मापाचा गाइड, किंवा बाहेरून दीड मिमी जाड असा खास गाइड कास्ट आयर्नमधून कातून घेणं. दुसरा घेतला. जोड एक कमी, उष्णता जायला अडथळा एक कमी. तोटा एवढाच की पुढच्या वेळी गाइड पुन्हा कातून घ्यावा लागेल. म्हणून हेडवर गाइडशेजारी पंचाने खूण केली, नाहीतर पुढचा मिस्त्री नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून साधा गाइड आणेल आणि तो भोकात खुळखुळेल.

गाइड ०.०३ मिमीच्या घट्टपणाने, हेड गरम करून, प्रेसवर, पायरीच्या मँड्रेलने बसवला. ठोकला नाही. बसल्यावर रीम करून स्टेमशी ०.०७ मिमीचा ढिलेपणा ठेवला. नवी सीट रिंग, नवा व्हॉल्व्ह. जुना व्हॉल्व्ह काढण्याआधी त्याच्या टोकाची चेचलेली कड तेलदगडाने उतरवली होती, नाहीतर ती कड निघता निघता गाइडला ओरबाडते. इथे गाइड बदलायचाच होता, तरी मोजमापासाठी तो जसाच्या तसा हवा होता. बोअरिंगनंतर पाण्याच्या जागेची प्रेशर टेस्ट घेतली. टोकांमधलं अंतर आता ४१.९, तळाची खोली दोन्हीकडे ०.०३ च्या फरकात.

हेड टेबलावर असतानाच रॉकर शाफ्ट त्यावर बसवून शाईची चाचणी पुन्हा घेतली. बाजूची जुळणी तपासायला इंजिन लागत नाही, हेड आणि शाफ्ट पुरतात, आणि चूक निघाली तर गास्केट वाया जात नाही. १.५ मिमीचं योग्य वॉशर घातल्यावर खूण मध्यापासून ०.३ मिमीवर, रुंदीभर सारखी. ती तशीच ठेवली. ०.३ काढायला वॉशर घासत बसण्यात अर्थ नव्हता.

शाफ्टच्या टोकांची बुचं काढून आतला गाळ धुतला, प्रत्येक तेलाच्या भोकातून तार घातली. या इंजिनात तेल दुसऱ्या स्टँडमधून शाफ्टमध्ये चढतं. तो स्टँड इतरांसारखाच दिसतो, पण तेलाचं भोक आणि पोकळ डॉवेल (जागा पक्की धरणारी पिन) फक्त त्यालाच. तो चुकून दुसऱ्या जागी गेला तर सगळे रॉकर कोरडे. शाफ्टची तेलाची भोकं खालच्या बाजूला, जिथे रॉकरचा भार येतो तिथे.

मग बसवताना एक अनपेक्षित गोष्ट झाली. हेड इंजिनावर कसलं, सगळे ॲडजस्टर (गॅप जुळवायचे स्क्रू) मागे फिरवले, पुशरॉड खालच्या टॅपेटच्या, म्हणजे कॅमवर चालणाऱ्या ठोकळ्याच्या, वाटीत बसल्याची हाताने खात्री केली, स्टँडचे बोल्ट कसले. शाईत दोन नंबर झकास, पण तीन नंबरचा इनलेट, जो आतापर्यंत चांगला होता, ०.६ मिमी सरकलेला. कारण बोल्ट टोकाकडून कसले गेले होते. डॉवेल फक्त दुसऱ्या स्टँडला आहे. बाकी तीन स्टँड बोल्टच्या भोकातल्या मोकळीकीत इकडेतिकडे जाऊ शकतात, आणि तिसरा स्टँड ओढला गेल्यावर त्याला टेकलेला रॉकरही गेला. सगळे बोल्ट ढिले केले. डॉवेलचा दुसरा स्टँड आधी हलका कसला, मग तिसरा, मग टोकाचे दोन. प्रत्येक वेळी स्टँडला लाकडी हातोडीने हलकं ठोकून तो स्वतःच्या जागी बसू दिला, आणि शेवटी मॅन्युअलच्या टॉर्कला तीन टप्प्यांत. खूण ०.२ वर आली.

लगोलग दुसरी दिशाही पाहून घेतली. आतापर्यंत सगळी चर्चा शाफ्टच्या लांबीच्या दिशेची होती. आडव्या दिशेला, म्हणजे रॉकर ज्या दिशेने डोलतो तिकडे, व्हॉल्व्ह उघडताना नाक टोकावरून थोडं पुढे जाऊन परत येतं. तो पट्टा अरुंद आणि मध्याजवळ हवा. तो एका कडेला पडला तर कारण उंचीचं असतं: सीट खोल गेली किंवा स्टेमचं टोक जास्त घासलं. त्याला वॉशर उपयोगाचं नाही. इथे ०.२५ मिमी फेसिंगमुळे ॲडजस्टर थोडा जास्त मागे घ्यावा लागला इतकंच, पट्टा मध्यावरच होता.

निकाल

झिजलेला रॉकर बदलला. नाक घासून सपाट करता आलं असतं, पण वरचा कडक थर गेला की ते पुन्हा भराभर झिजतं. टॅपेट ०.३० वर सेट केले, इंजिन गरम करून बंद केलं, थंड झाल्यावर हेड मॅन्युअलप्रमाणे पुन्हा कसलं आणि टॅपेट पुन्हा सेट केले. आवाज नाही, सकाळचा निळा धूर नाही. पेरणी चार दिवस उशिरा सुरू झाली. पन्नास तासांनी गॅप डायल गेजने पाहिला तेव्हा दोन नंबरचा एक्झॉस्ट ०.३१ होता.

पैशाचं सांगायचं तर पहिल्या मशीन शॉपने तिरक्या गाइडचे फोटो आणि मापं पाहून गाइड-सीटची आपली मजुरी परत केली. रॉकर, व्हॉल्व्ह, गास्केट आणि दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी मालकाच्या माथी आली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजपाशी चूक टाळण्याच्या दोन जागा होत्या. वॉशर तारेत ओवली असती तर ०.८ चं आत शिरलंच नसतं. आणि हेड मशीन शॉपमधून परत आल्यावर गास्केटवर ठेवण्याआधी टेबलावर शाईची चाचणी घेतली असती तर तिरका व्हॉल्व्ह अर्ध्या तासात दिसला असता. तिसऱ्यांदा टॅपेट सेट करताना तरी "गॅप इतक्या लवकर का वाढतोय" हा प्रश्न पडायला हवा होता. टॅपेट आपोआप ढिला होत नाही. लॉकनट सुटलेलं नसेल तर काहीतरी झिजतंय.

मशीन शॉपला गाइडचं काम देताना तोंडी "गाइड बदला" एवढंच सांगितलं जातं. त्याऐवजी कागदावर तीन मापं मागावीत: प्रत्येक जोडीचं टोकापाशी अंतर, तेच गाइडच्या तोंडाशी, आणि तळाची खोली समोरासमोर दोन जागी. प्रामाणिक शॉपला यात पंधरा मिनिटं जातात. जो देणार नाही त्याच्याकडे गाइडचं काम देऊ नये, फेसिंग खुशाल द्यावं.

फुरसुंगीच्या गॅरेजच्या निर्णयांतही एक जागा वादाची आहे. एक आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट गाइड त्याच हाताने, त्याच दिवशी बदललेले होते. मापात एक नंबर ०.२ मिमी झुकलेला निघाला. हेड मशीनवर होतंच, तेव्हा तोही करून घ्यावा की नाही? गॅरेजने सोडून दिला. शाईची खूण रुंदीभर सारखी होती, ढिलेपणा हद्दीत होता, आणि चांगलं भोक उगाच मोठं करायचं नव्हतं. दुसरा मिस्त्री कदाचित तो बदलेल, आणि त्याचंही चूक म्हणता येणार नाही. फक्त पुढच्या टॅपेट सेटिंगला एक नंबरच्या एक्झॉस्टचा गॅप फिलरने नाही, डायल गेजने पाहायचा, असं कव्हरच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलं आहे.

आणि वॉशरबद्दल: हे १.५ मिमीचं वॉशर सुटं मिळत नाही, अख्ख्या शाफ्ट सेटबरोबर येतं. इथे ते जुन्या भंगार शाफ्टवरून घेतलं. ते नसतं मिळालं तर टूल स्टीलचं कातून, कडक करून, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून घ्यायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पंच केलेलं वॉशर चालत नाही. त्याची एक कड उचललेली असते, ती रॉकरची बाजू कोरत जाते आणि तिथला चुरा तेलाबरोबर थेट बुशमध्ये जातो.